चुंबळ

आमच्या वीर गावात घरोघरी नळ येण्याआधी बायका विहिरीवरून पाणी आणायच्या, तेव्हा डोक्यावर आधी चुंबळ ठेवायच्या. जुन्या लुगड्याचा पट्टा, पिळा देऊन गोल केलेला. हंड्याचं बूड गोल आणि डोकंही गोल. मध्ये कडं नसेल तर हंडा कलंडणारच. हे मला सात वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. बाळांच्या अतिदक्षता विभागात मात्र ते आठवायला मला सहा वर्षं लागली.

मी परिचारिका. १९८८ ते २०१९ मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात होते, त्यातली शेवटची २२ वर्षं काचेच्या पेटीतल्या बाळांजवळ. १९९३ साली कोकण रेल्वे वीरपर्यंत आली तेव्हा सगळं गाव गाडी बघायला लोटलं होतं. आता त्याच स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर मी निवृत्त होऊन राहते. महाडकडे, पोलादपूरकडे कुणाचं अपुऱ्या दिवसांचं बाळ दवाखान्यातून घरी आलं की निरोप येतो, ‘बाई, एकदा बघून जा.’ मी जाते. औषधपाण्याचं मी बोलत नाही, ते डॉक्टरांचं काम. बाळाला ठेवायचं कसं, एवढंच बघते. तेच इथे लिहिलंय. यातलं बरंचसं मी आधी चुकून मग शिकले आहे.

१. पोटात जागा कमी पडते ती बाळाच्या भल्यासाठी

३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेलं बाळ ते अपुऱ्या दिवसांचं. आमच्याकडे म्हणतात, सातवं जगतं, आठवं जगत नाही. ही समजूत कुठून आली कोण जाणे. पोटात जितकं जास्त राहील तितकं बाळ जास्त तयार, इतका साधा हिशेब आहे. फक्त ‘तयार’ म्हणजे वजन आणि फुप्फुसं, असं आम्ही नर्सेससुद्धा धरून चालायचो.

शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत गर्भाशयात हलायला जागा उरत नाही. बाळानं पाय ताणला की भिंत लागते आणि भिंत त्याला परत मुडपते. रात्रंदिवस हे चालू असतं. त्यातूनच अंग आवळून धरायची ताकद येते, ती आधी पायांत आणि मग वर हातांत. पूर्ण दिवसांचं बाळ उताणं ठेवलं तरी त्याचे गुडघे पोटाकडे वळलेले राहतात. २८ आठवड्यांचं बाळ ओल्या फडक्यासारखं ठेवाल तिथे पसरतं. खांदे मागे पडतात, हात दोन बाजूंना जातात, मांड्या उघडून गुडघे गादीला टेकतात. शाळेच्या प्रयोगशाळेत ट्रेमध्ये टाचण्या टोचलेला बेडूक ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि आम्हाला ते सोयीचं वाटायचं! सलाइन दिसतंय, छाती दिसतेय, तळपायाला बांधलेला, रक्तातला ऑक्सिजन मोजणारा सॅच्युरेशनचा प्रोब दिसतोय. राउंडला डॉक्टर आले की बाळ कसं ‘नीट’ झोपलेलं.

२. ज्याला रकाना नाही त्याची नोंद नाही

२००३ सालची गोष्ट. आमच्याकडे दोन महिने पेटीत राहून घरी गेलेला एक मुलगा दीड वर्षाचा होऊन तपासणीला आला. आई पेढे घेऊन आली होती. पोरगा हसरा, डोळे चमकदार. पण उभा राहिला तो पावलं बाहेर फाकवून, बदकासारखा. आणि खांदे असे मागे ओढलेले की दोन्ही हात पुढे आणून टाळी वाजवायची तर त्याला खटपट करावी लागत होती. फिजिओथेरपीच्या मॅडमनी मला सरळ विचारलं, ‘सिस्टर, तुमच्याकडे हा झोपायचा कसा?’

मी जुने कागद काढून पाहिले. तासातासाचं तापमान होतं, नाडी होती, ऑक्सिजन किती, लघवी किती मिली, सगळं होतं. बाळ कसं झोपलं होतं याची दोन महिन्यांत एक ओळ नव्हती. तसा रकानाच नव्हता. त्या मुलाचे पाय केवळ झोपण्यामुळे तसे झाले असं मी छातीठोक म्हणणार नाही. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या अंगात अडचणीची कारणं बरीच असतात. पण दोन महिने आम्ही त्याला टाचणीच्या बेडकासारखं ठेवलं होतं हे खरं, आणि त्यात माझ्या ड्यूट्या बऱ्याच होत्या. पेढा मी घेतला, खाल्ला मात्र नाही.

३. चुंबळ कशी बांधायची

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा चादरीची गुंडाळी करून बाळाभोवती ठेवली. इंग्रजीत याला घरटं म्हणतात हे मला नंतर कळलं. माझ्या डोक्यात चुंबळच होती.

दोन सुती चादरी, दवाखान्याच्याच, धुवून वाफवून आलेल्या. लांब घट्ट गुंडाळी करायची आणि घोड्याच्या नालेसारखी वाकवायची. बंद बाजू पायांकडे. बाळाची पावलं गुंडाळीला टेकलीच पाहिजेत. पावलं अधांतरी असतील तर ती चुंबळ काय कामाची? मांड्या जवळ, गुडघे मुडपलेले, खांदे किंचित पुढे, हात तोंडापर्यंत पोचतील असे. बाळ उताणं असेल तर खांद्यांखाली पातळ घडी, म्हणजे हनुवटी छातीवर पडत नाही. हनुवटी छातीवर पडली की इतक्याशा बाळाची श्वासनळी मुडपते, जशी बागेतली पाण्याची नळी. मान फार मागे गेली तरी तेच.

माझी पहिली चुंबळ तासाभरात उलगडायची. आमच्या वॉर्डच्या मावशी, माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, त्यांनी दोन दिवस माझी फजिती पाहिली आणि मग म्हणाल्या, ‘अगो बाय, टोकं गादीखाली दाब की.’ दुसरी एक चादर गुंडाळीवरून घेऊन तिची टोकं गादीखाली खोचली, तेव्हा ती ठाम बसली. शिकलेल्या पाच जणी तिथे उभ्या होतो; सुचलं मावशींना.

चुंबळ आवळायची नाही. बाळानं पाय झाडला तर तो झाडता यावा आणि भिंतीला लागून परत यावा. छाती हलताना दिसावी. पंधरा मिनिटं लांब उभं राहून पाहावं. चुंबळ जमली असेल तर बाळाचं हातपाय झाडणं कमी होतं, हात गालाशी येतो, आणि मॉनिटर जरा कमी ओरडतो.

४. पहिले तीन दिवस मान मधोमध

३२ आठवड्यांच्या आतल्या बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या फार नाजूक. आत रक्तस्राव व्हायचा तर तो बहुतेक पहिल्या ७२ तासांत होतो. मान एका बाजूला जोरात वळली की गळ्यातली शीर दाबली जाऊन मेंदूतलं रक्त खाली उतरायला अडथळा होतो. म्हणून त्या दिवसांत नाक आणि बेंबी एका रेषेत आणि डोक्याकडची बाजू थोडी उंच, असं बरेच विभाग पाळतात. लंगोट बदलताना पाय धरून बूड वर उचलायचं नाही, बाळाला अख्खं कुशीवर करायचं. याबाबतीत मी कुणाशीही वाद घालत बसत नाही. करायला काही खर्च नाही, मग करावं.

५. वॉर्डातली गोष्ट वॉर्डातच ठेवावी

ही माझी दुसरी मोठी चूक, आणि पहिलीपेक्षा भयंकर.

ज्या बाळांना श्वासाचा त्रास असतो त्यांना आम्ही पुष्कळदा पालथं झोपवतो. पालथं झोपलं की छातीला गादीचा आधार मिळतो, ऑक्सिजन थोडा सुधारतो, बाळ शांत झोपतं. दूध पोटात टिकत नसेल तर डाव्या कुशीचाही उपयोग होतो. हे सगळं आई-आजी काचेतून बघत असतात, आणि त्यांना आपण काय सांगतो यापेक्षा आपण काय करतो ते पक्कं लक्षात राहतं.

पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीतली मुलगी दीड महिन्यानं वॉर्डातून घरी गेली. आजीनं तिला घरी पालथं झोपवलं, खाली मऊ गोधडी, दोन्ही बाजूंना गुंडाळलेली लुगडी, अगदी माझ्यासारखी चुंबळ. घरभेटीला गेलेल्या आरोग्य कार्यकर्त्या आशाताईंनी पाहिलं तेव्हा बाळाचं नाक गोधडीत रुतलेलं होतं. त्यांनी चटकन उचललं. पोर वाचली. आजी रडत म्हणाली, ‘शिस्टर असंच निजवायच्या.’ ती शिस्टर मी.

वॉर्डात पालथ्या बाळाच्या पायाला प्रोब असतो. श्वास विसरला तर घंटा वाजते आणि कुणीतरी धावतं. घरी कोण धावणार? घरी बाळ उताणंच झोपवायचं, रात्री आणि दुपारीही. अंथरूण सपाट आणि टणक. उशी नाही, गुंडाळी नाही, तोंडाजवळ दुपटं नाही. चुंबळसुद्धा नाही. तेव्हापासून मी बाळ घरी जायच्या दोनेक आठवडे आधीच वॉर्डात उताणं झोपवायला लागले आणि चुंबळ हळूहळू काढायला लागले, म्हणजे बाळालाही सवय होते आणि बघणाऱ्या आजीलाही. पालथं ठेवायचं ते बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ.

आशाताईंच्या या घरभेटींचं मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. त्याचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे तीच पद्धत देशभर आशांकडे गेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या येतात. पावसात, डोंगर चढून येतात. त्यांना नुसता चहा पाजून पाठवू नका, बाळ कसं निजवता ते दाखवा.

६. झोळी

कोकणातल्या घरात वाशाला लुगड्याची झोळी नसेल तर बाळ आहे असं वाटत नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची पाठ झोळीत कमानीसारखी वाकते आणि हनुवटी छातीवर येते. मान धरेपर्यंत झोळी नको. आजी रागावतील, रागावू द्यात.

७. मोहरीची उशी

पेटीत कुशीकुशीवर झोपून या बाळांची डोकी दोन बाजूंनी चपटी आणि लांबट होतात. घरी आल्यावर पहिलं दुःख त्याचंच. लगेच मोहरीची उशी शिवली जाते, तेल लावून डोकं दाबून ‘आकार’ दिला जातो. दोन्ही नकोत. उशीनं मान मुडपते, आणि इतक्या कोवळ्या कवटीला दाबायचं काही कारण नाही.

उपाय साधा आहे. या बाळांचा ओढा बहुधा उजवीकडे मान वळवण्याकडे असतो. बाळ जिथे उजेड आणि माणूस असेल तिकडे बघतं. म्हणून एक दिवस त्याचं डोकं पाळण्याच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवायचं. दासगावच्या एका घरी खोलीला दार एकच आणि पाळणा भिंतीला लावलेला. बाळ तीन महिने दाराकडेच बघत होतं. पाळणा फिरवला, एवढंच केलं. मान एकाच बाजूला घट्ट राहत असेल, दुसरीकडे वळतच नसेल, तर मात्र घरगुती उपाय सोडून डॉक्टरांना दाखवावं.

८. कुरवाळू नये, धरावं

बोस्टनमध्ये हाइडेलिस आल्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात अशा बाळांकडे तासन् तास बघून त्यांची भाषा लिहून काढली. बोटं पंख्यासारखी फाकणं, उचकी, जांभई, कपाळाला आठी, रंग उतरणं, म्हणजे ‘पुरे’. हात तोंडाशी, पाय एकमेकांवर, चेहरा सैल, म्हणजे ‘बरं चाललंय’. हे एकदा दिसायला लागलं की वॉर्ड वेगळाच दिसतो.

टाचेला सुई टोचून रक्त काढताना एकीनं एक हात बाळाच्या डोक्यावर आणि एक हात मुडपलेल्या पायांवर ठेवायचा, न हलवता. पोटात भिंत धरायची तसं. हलक्या बोटांनी कुरवाळलं तर या बाळांची कातडी ते सोसत नाही, उलट सॅच्युरेशन घसरतं. कूस बदलतानाही असंच दोन्ही हातांनी, गोळा करून, सावकाश. दुधाच्या वेळेला बदलावी, झोपमोड करून नाही.

महाडच्या एमआयडीसीत काम करणारा एक बाप होता. रासायनिक कारखान्यात हात भाजून भाजून राठ झालेले, म्हणून बाळाला हात लावायला लाजायचा. ‘खरखरीत हायत सिस्टर.’ मी म्हटलं, हलवायचेच नाहीत, तर खरखरीत असून काय बिघडलं? हात धुवून घेतले, पेटीच्या खिडकीतून आत घातले. त्याच्या एका तळव्यात मुलीचं डोकं मावलं, दुसऱ्यात दोन्ही पाय. चाळीस मिनिटं तो वाकून उभा होता. पाठ दुखतेय का विचारलं तर मानेनंच नाही म्हणाला.

९. सगळ्यात चांगली गादी

इतकं चुंबळपुराण सांगून झाल्यावर कबूल करते, की चुंबळ ही दुय्यम व्यवस्था आहे.

१९७८ साली कोलंबियात बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्याकडे पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. त्यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधली. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, गाल छातीला, मान किंचित वर, हात मुडपलेले, आणि मांड्या उघड्या. हो, पुन्हा बेडूक! पण हा बेडूक गुडघे वर घेऊन आईला चिकटलेला असतो. बूड आणि मांड्यांना खालून आधार, पाठीवर पट्टा, समोर आईचा श्वास. सपाट गादीवर पसरलेल्या बेडकाशी त्याचं काही नातं नाही. नवीन पोरींना शिकवताना हा फरक समजावण्यात माझा अर्धा तास जायचा.

माझ्या नोकरीची बरीच वर्षं मात्र आमच्याकडे आयांना भेटीच्या वेळेतच आत सोडत. जंतुसंसर्गाचं कारण सांगायचे. पोलादपूरकडून आलेली, टाके न सुकलेली बाई व्हरांड्यात जमिनीवर बसलेली, आणि आत आम्ही तिच्या बाळासाठी चादरींचं गर्भाशय करतोय! मीही कितीदा दार लावून घेतलंय. त्याच शहरात, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. आई हा उपचाराचा भाग आहे हे कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नव्हती.

मी निवृत्त झाल्यावर, २०२१ साली, जागतिक आरोग्य संघटनेचा पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही त्यात होतं. एक किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३,२११ बाळं. निम्म्यांना जन्मल्यापासूनच आईच्या किंवा घरच्या कुणाच्या छातीशी ठेवलं, निम्म्यांना आधी प्रकृती स्थिरावेपर्यंत नेहमीसारखं पेटीत. २८ दिवसांत दगावलेल्यांचं प्रमाण पेटीवाल्यांत शंभरात १५.७ होतं, छातीवाल्यांत १२. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवला. पुढच्या वर्षी संघटनेनं शिफारसच केली, की दिवसातून ८ ते २४ तास, जमेल तितकं. आई आजारी असेल तर बाप, आजी, मावशी कुणीही.

१०. रस्ता

हे खास आमच्या भागासाठी. महाडहून पनवेल-मुंबईकडे जायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त, आणि मुंबई-गोवा महामार्ग कसा आहे ते आमच्या कंबरांना विचारा. सावित्री नदीला पूर आला तर तोही नाही. जुलै २०२१ मध्ये महाड शहरच पाण्यात होतं. दिवस भरायच्या आत कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, रक्तदाब वाढला, तर बाळ जन्मायची वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा आणि बाळ पोटात असतानाच, जिथे अशा बाळांची सोय आहे तिथे पोचायचा प्रयत्न करा. पोटातल्याइतका सुरक्षित प्रवास दुसरा नाही. वाटेतच झालं, किंवा जन्मल्यावर न्यावं लागलं, आणि बाळ स्वतः श्वास घेत असेल, तर सोबतच्या डॉक्टर-सिस्टरला विचारून त्याला कुणाच्या तरी छातीशी, कातडीला कातडी लावून न्या. टोपी घाला, वरून पांघरा, नाक मोकळं ठेवा. मांडीवर दुपट्यात गुंडाळून नेलेली, हनुवटी छातीवर पडून निळी झालेली बाळं मी पुष्कळ उतरवून घेतली आहेत.

ज्यांचं बाळ आत्ता, हे वाचताना, कुठल्या तरी पेटीत आहे त्यांनी उद्या वजन आणि दूध विचारून झाल्यावर आणखी दोन प्रश्न विचारावेत. आज ते कसं झोपलंय, आणि मी त्याला छातीशी कधी घेऊ? सिस्टर घाईत असतील, एखादी चिडेलही. तरी विचारा.